कूलरमध्ये पाणी कोण भरतं

हॉटेलच्या त्या हॉलमध्ये बारा पुरुष गोल करून बसले होते आणि पाऊण तास कूलरच्या रंगावर बोलत होते. एकाला राखाडी हवा होता. एकाला पांढरा, 'एसीसारखा दिसला पाहिजे' असा. एकजण म्हणाला, रिमोट द्या, पडल्या पडल्या कमी-जास्त करता आलं पाहिजे. बाकीच्यांनी जोरजोरात माना हलवल्या. मधोमध कंपनीचा कूलर उभा होता आणि मी वही घेऊन बाजूच्या खुर्चीवर होते. मला बोलायची संधी मिळाली तेव्हा मी एकच प्रश्न विचारला, "तुमच्या घरी कूलरमध्ये पाणी कोण भरतं?"

बाराही जण एकमेकांकडे बघू लागले. मग एक गृहस्थ म्हणाले, "भरते ना कोणीतरी. कूलर चालू राहते म्हणजे भरतच असन."

सगळे हसले. कंपनीच्या मार्केटिंगचे साहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, आपण फीचर्सवर राहू या."

मी हे काम बरीच वर्षं करते. एखादी वस्तू बनवायच्या आधी ती वापरणाऱ्या माणसांकडे जायचं, ती काय बोलतात ते ऐकायचं, आणि बोलतात त्यापेक्षा करतात काय ते डोळ्यांनी बघायचं. याला आमच्या धंद्यात युजर रिसर्च म्हणतात. बेंगळुरूला असताना मोबाइलच्या ॲपसाठी केलं. नागपूरला परत आले तर माझ्याच गल्लीत मला 'सर्व्हेवाली' म्हणायला लागले. ही कूलरची कंपनी इथलीच, मालकांच्या वडिलांनी पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केलेली. त्यांना नवं मॉडेल काढायचं होतं. आमच्याकडे मे महिन्यात कूलर ही चैनीची वस्तू नाही. तो बंद पडला तर माणसं शेजारच्या घरी जाऊन झोपतात. म्हणून मी खुशीने हो म्हटलं होतं.

त्या बारा पुरुषांच्या बैठकीनंतर मी मालकांकडे गेले. म्हटलं, हॉटेलात बसवून कूलरबद्दल विचारणं म्हणजे पोहणाऱ्याला गादीवर झोपवून हातपाय हलवायला सांगण्यासारखं आहे. मला घरांमध्ये जाऊ द्या. मे महिन्यात, भर दुपारी.

"दुपारी कोण भेटन तुमाले?" मालक म्हणाले. "माणसं तं कामावर राहते."

"म्हणूनच," मी म्हटलं.

ते हसले. माणूस मोकळा होता. आठ घरांची परवानगी दिली.

पण भर दुपारीही पुरुष भेटलेच. तिसऱ्या घरी एक निवृत्त कारकून होते. मी प्रत्येक प्रश्न काकूंकडे बघून विचारायची आणि उत्तर काकांकडून यायचं. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. मी म्हटलं, "काकू, तुम्ही सांगा ना." काका म्हणाले, "तिले काय समजते मशीनमधलं? मले विचारा. मीच निवडून आणला ना." मग ते मोटर किती वॉटची, पंखा कोणत्या कंपनीचा, हे सांगत बसले. तेवढ्यात काकू बादली उचलून मागच्या दाराने बाहेर गेल्या. खिडकीबाहेर पाणी ओतल्याचा आवाज आला. पुन्हा एक बादली. मग आणखी एक. पदराला हात पुसत त्या परत दारात येऊन उभ्या राहिल्या आणि काका मला सांगत होते, "पाण्याचा म्हणसान तं आपल्याले काही त्रास नाही. एकदम आरामाचं काम."

मी वहीत ते वाक्य लिहिलं. इतकं दाबून लिहिलं की खालच्या दोन पानांवर उमटलं.

पाचवं घर कळमन्याच्या बाजूचं. नवरा तिथल्या बाजारात मापारी, पहाटेच जायचा. सासरे आत झोपलेले, भेटायला बाई एकटीच होती, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. मी ताई म्हणत होते आणि तीही मला ताईच म्हणत होती. तिने आधी मला कैरीचं पन्हं दिलं. मी म्हटलं, ताई, मला काही विचारायचं नाही, तुम्ही रोज करता तसं पाणी भरा, मी नुसती बघते.

"यात काय पाहासान वं ताई?" ती म्हणाली. पण उठली.

घराच्या मागे एक हात रुंदीचा बोळ होता. कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर होता आणि त्याचं बटण आत, खोलीतल्या भिंतीवर. बोळात सगळं ओलं. तिने कोपऱ्यातल्या रबरी चपला घातल्या, लाकडाची एक फळी ओढून तिच्यावर उभी राहिली. मग उजवा हात उलटा केला आणि हाताच्या पाठीने कूलरच्या पत्र्याला हलकेच स्पर्श केला, गरम तव्याचा अंदाज घ्यावा तसा. एक क्षण थांबली. मग बादली उचलली.

"ताई, हे काय केलं तुम्ही?"

"काय?"

"हात उलटा लावला तो."

"मंग सुलटा लावू काय?" तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "सुलटा हात लावला तं करंट पकडून ठेवते ना. मूठ बंद होते. उलट्या हातानं लावला तं हात फेकल्या जाते, माणूस वाचते."

"कोणी शिकवलं?"

"शेजारच्या बाईनं. तिले तिच्या सासूनं. या गल्लीत सगळ्याच करते असं."

"मग पाणी भरताना बटण बंद का नाही करत?"

तिने मला बोट दाखवून हिशेबच समजावला. बटण बंद करायचं तर बोळातून मागच्या दाराने आत, स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत, बंद करून परत तसंच बाहेर. पाणी भरलं की पुन्हा आत. दुपारी खोलीत सासरे झोपलेले असतात, पंखा थांबला की उठून ओरडतात. दिवसातून तीन वेळा भरायचं. "अन् मले काय तेवढंच काम आहे का?" ती म्हणाली. मग फळी भिंतीला टेकवून ठेवता ठेवता, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात तिने सांगितलं की गेल्या साली पलीकडच्या गल्लीत एक बाई अशीच गेली. लोक म्हणाले, तिने चप्पल घातली नव्हती.

मला आठवतं, मी त्या बोळात उभी होते आणि उन्हाने नव्हे, रागाने माझे कान तापले होते. लोक म्हणाले, चप्पल घातली नव्हती! म्हणजे चूक तिचीच. पत्र्याचं खोकं बनवायचं, त्यात पाणी आणि वीज एकत्र ठेवायची, पाणी ओतायची जागा बाहेर आणि बटण आत ठेवायचं, आणि बाई मेली की तिच्या पायांकडे बघायचं.

निघताना तिने विचारलं, "हे तुमी कंपनीले सांगसान काय?"

"सांगेन," मी म्हटलं. "नक्की सांगेन."

उरलेल्या घरांमध्ये मी मागच्या बाजूलाच आधी गेले. कुठे फळी होती, कुठे पोतं, कुठे पाण्याच्या पाइपला बांधलेली काठी, म्हणजे पत्र्याला हातच लागायला नको. बायकांनी आपापल्या परीने हा कूलर दुरुस्त करून घेतला होता आणि कंपनीच्या लोकांना त्याचा पत्ताही नव्हता.

जुलैमध्ये मी कंपनीच्या ऑफिसात माझा अहवाल मांडला. पडद्यावर फोटो दाखवले: बोळ, फळी, चपला, उलटा हात. म्हटलं, पाणी भरायचं झाकण उघडलं की वीज आपोआप तुटली पाहिजे. ते जमत नसेल तर निदान एक बटण बाहेर द्या. पाणी ओतायच्या बाजूला पत्रा नको, प्लास्टिक घ्या. रिमोट नंतर बघू.

मार्केटिंगचे साहेब म्हणाले, "मॅडम, आठच घरं. यावरून काय निष्कर्ष काढायचा?"

"बारा पुरुषांवरून तुम्ही रिमोट काढला," मी म्हटलं.

त्यांनी ते ऐकलंच नाही असं केलं. "शिवाय हा अर्थिंगचा प्रश्न आहे. घराचं वायरिंग खराब, त्यात आपला काय दोष? आपण हे लिहून ठेवलं तर उद्या कबुली दिल्यासारखं होईल."

मालक फोटोंकडे बघत होते.  मग म्हणाले, "हे पान अहवालातून सध्या काढून ठेवा. मी पाहतो."

मी ते पान काढलं. तेव्हा गप्प बसले, हे कबूल करते. मला वाटलं होतं, ते खरंच पाहतील.

नवा कूलर दिवाळीनंतर तयार झाला आणि त्याची चाचणी ठेवली, पुन्हा त्याच हॉटेलच्या हॉलमध्ये. या वेळी बायकांना बोलवा, मालक म्हणाले, तुमचं ऐकलं बघा. मी सहाजणींना बोलावलं. कळमन्याची ताईही आली, चांगली साडी नेसून. कूलर राखाडी होता, एसीसारखा दिसत होता, त्याला रिमोट होता. मी मागे जाऊन बघितलं. पत्रा तोच. पाणी ओतायचं भोक तिथेच. बाहेर बटण नाही.

चाचणी अशी होती की एकेका बाईने यायचं, कागदावर लिहिलेली कामं करून दाखवायची आणि शेजारच्या खोलीत कंपनीचे लोक टीव्हीवर ते बघणार. एक काम होतं, 'कूलरमध्ये पाणी भरायचं आहे असे समजा.' समजा! कारण हॉलमध्ये गालिचा होता आणि हॉटेलवाल्यांनी पाणी आणू दिलं नव्हतं. कूलर कोरडा होता. त्याची वायरसुद्धा लावलेली नव्हती.

ताईची पाळी आली. मी कागद वाचून दाखवला. ती कूलरच्या मागे गेली, थांबली, आणि तिचा हात आपोआप उलटा झाला. हाताच्या पाठीने तिने त्या कोरड्या पत्र्याला स्पर्श केला.

शेजारच्या खोलीतून हसू आलं. मोठ्याने, दोन-तीन जणांचं. मधला पडदा म्हणजे पातळ लाकडी फळकुट होतं, सगळं ऐकू येत होतं. कोणीतरी म्हणालं, "प्लग बी नाही लावला, तरी घाबरून राहिली!"

ताईचा चेहरा उतरला. तिने हात पदराखाली घेतला. "मले हसून राहिले काय थे?" तिने मला हळूच विचारलं.

मी कागद टेबलावर ठेवला आणि बाहेर पडले. हॉटेलच्या मागे माळीकाका झाडांना पाणी घालत होते. त्यांच्याकडून भरलेली बादली घेतली आणि दोन्ही हातांनी धरून हॉलमध्ये आणली. गालिच्यावर सांडत होतं. मॅनेजर मागून "मॅडम, मॅडम" करत धावत होता. मी बादली कूलरजवळ ठेवली, वायर उचलली आणि म्हटलं, "आता खरं पाणी भरू या. कूलर चालू करू या. आत जे हसले त्यांच्यापैकी कोणीतरी येऊन भरा. चपला काढून."

दार धाडकन उघडलं. मार्केटिंगचे साहेब धावत आले, हात पसरून. "मॅडम, काय करताय! गालिचा ओला झालाय. शॉक लागेल कोणाला तरी!"



"हेच," मी म्हटलं.  "हेच मी जुलैपासून सांगते आहे. तुमच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकलं."

मालक दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, ताईकडेही नाही. बादलीकडे बघत म्हणाले, "मॅडम, आपण ऑफिसमध्ये बोलू."

ताईने माझ्या हातातली वायर काढून घेतली आणि नीट गुंडाळून कूलरवर ठेवली. "चाला ताई," ती म्हणाली. "इथं कोणाले दाखवता?"

ऑफिसात बोलणं झालं. साचा बदलायला दोन मोसम लागतील, तोवर धोक्याचा इशारा देणारा स्टिकर लावू, असं ठरल्याचं मला सांगण्यात आलं. आणि माझ्या कामाबद्दल धन्यवाद, पुढचं ते बघतील. स्टिकर मी नंतर सीताबर्डीच्या दुकानात बघितला. इंग्रजीत होता, मुंगीएवढ्या अक्षरांत, कूलरच्या मागच्या बाजूला, जिथे भिंत येते. त्याच दुकानात कंपनीचं माहितीपत्रक होतं. पहिल्या पानावर ताईचा फोटो, मी काढलेला, बोळात हातात बादली घेतलेला. खाली छापलं होतं, 'आईच्या मायेचा गारवा.' तिची फळी आणि चपला खालून कापून टाकल्या होत्या.

तिने सही केली होती ती 'फक्त अभ्यासासाठी' असं लिहिलेल्या कागदावर. तो कागद मीच वाचून दाखवला होता. मी दुकानातूनच सरळ कंपनीत गेले. आत सोडेनात तर बाहेरच्या बाकावर बसले, सकाळी अकरापासून. तीन वाजता मालक बाहेर आले. मी माहितीपत्रक त्यांच्या हातात दिलं.  आठवड्याभरात ती पत्रकं दुकानांतून निघाली. एवढं एकच मला मिळालं. तेही भांडून.

मार्च लागला तसा मला घरात बसवेना. आठ घरांमध्ये मी गेले होते, त्यांचं पन्हं आणि चहा प्यायले होते, त्यांच्या दुपारी घेतल्या होत्या. बदल्यात त्यांना काय मिळालं होतं? मी ओळखीच्या एका वायरमनला घेतलं आणि दोन रविवार लावून सगळी घरं फिरले. कळमन्याच्या ताईकडे पोचलो तर तिने काम आधीच करून घेतलं होतं. भावाला बोलावून कूलरचं बटण बोळात आणलं होतं, वर तेलाच्या प्लास्टिकच्या डब्याचं झाकण कापून बसवलं होतं, पाऊस लागू नये म्हणून. वायरमनने ते तपासलं आणि नुसती मान हलवली. "माह्यापेक्षा साफ काम आहे," तो म्हणाला. गल्लीतल्या आणखी दोघींनी तसंच करून घेतलं होतं. ताईला मी कंपनीचं सगळं सांगितलं. ती रागावली नाही. "मले वाटलंच होतं," म्हणाली, आणि मला जास्तच लागलं.

शेवटी त्या निवृत्त कारकुनांचं घर. काका दारातच म्हणाले, "कंपनीनं पाठवलं काय?"

"नाही. मीच आले."

"मंग कायले? आमचा कूलर एकदम फस्क्लास आहे."

मी म्हटलं, "काका, मग एक करा. मागे जा आणि कूलर चालू असताना पत्र्याला हात लावून दाखवा. अनवाणी. मी लगेच जाते."

 काकांनी मान वळवून आत हाक मारली, "अवं, ये वं इकडे. यायले कूलरले हात लावून दाखव."

 वायरमन चटकन पुढे झाला, "काकूले नका बोलवू," म्हणत थेट मागे गेला आणि टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा पेटला. काकांनी खिडकीतून ते बघितलं आणि ते पलंगावर बसले. अर्ध्या तासात अर्थिंग जोडून झालं. त्या अर्ध्या तासात काका मोटर किती वॉटची ते बोलले नाहीत.

निघताना काकू मला सोडायला फाटकापर्यंत आल्या. काका आत होते. काकूंनी एकदा मागे बघितलं आणि सांगितलं की मागच्या मे महिन्यात, मी येऊन गेल्यावर चार दिवसांनी, त्यांना करंट लागला होता. फेकल्या गेल्या, भिंतीवर डोकं आपटलं. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काका म्हणाले असते, नीट पाहून काहून नाही करत.

"तुमी आल्या होत्या तवाही करंट मारतच होता," त्या म्हणाल्या.

"मग तेव्हा का नाही सांगितलंत, काकू? मी तुम्हालाच विचारत होते."

"त्यायच्यासमोर विचारत होत्या ना."

 बारा पुरुषांवर चिडले, साहेबांवर चिडले, मालकांवर चिडले, आणि त्या दिवशी बादलीचा आवाज ऐकूनही मी खुर्चीवरून उठले नव्हते. काकांचं वाक्य वहीत उतरवत बसले होते. उठून मागच्या दाराने त्यांच्यामागे गेले असते, तर तिथे आम्ही दोघीच असतो.